गोंदियाच्या गल्लीत आयफेल टॉवर?

प्रत्येक ऑफिसात एक तरी जण असा असतो, ज्याच्या डोक्यात एक छोटासा कॅफे कायम सुरू असतो. मेनू ठरलेला असतो, नाव ठरलेलं असतं, भिंतीचा रंगसुद्धा पक्का असतो. अप्रेझलच्या आठवड्यात तर हा कॅफे जरा जास्तच जोरात चालतो. राजीनाम्याची तारीख तेवढी ठरायची बाकी असते.

माझ्या मावसभावाने ती ठरवली. सहा वर्षं हिंजवडीत काढली आणि एक दिवस बॅग भरून साहेब घरी परतले. घर म्हणजे गोंदिया. पुण्याच्या स्टेशनवर महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या डब्यावर 'कोल्हापूर-गोंदिया' ही पाटी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलेली असते. त्या पाटीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन उतरलेले मात्र आपल्यात फार थोडे. तिथे बाजारपेठेत त्याने १० बाय १८ चा एक गाळा भाड्याने घेतलाय. डेझर्ट शॉप काढायचंय. खिशात सगळे मिळून सात लाख. त्यातले काही त्याचे, काही मावशीच्या एफडीचे. म्हणजे प्रयोग फसला तर 'चला, एक अनुभव मिळाला' म्हणून खांदे उडवता येतील अशातला भाग नाही.

आणि मग एका रात्री त्याने मला डेकोरेटरचे थ्रीडी फोटो पाठवले. "ताई, पाह्य अन् सांग, कसं वाटते?"

पाहिलं. छतावरून लोंबणारी गुलाबी प्लास्टिकची फुलं. एका भिंतीवर पॅरिसच्या रस्त्याचा वॉलपेपर. निऑनमध्ये लिहिलेलं 'बाँज्यूर'. आणि कोपऱ्यात, बरोब्बर जिथे माणूस बसला असता तिथे, पाच फुटी आयफेल टॉवर. कोटेशन पावणेतीन लाख. आईस्क्रीमचा फ्रीझर, डिपॉझिट, भांडी, कच्चा माल, सगळं उरलेल्या सव्वाचारात.

थीम म्हणजे काय रे भाऊ?

आपल्याकडे थीम म्हटलं की आधी काय टांगायचं याचा विचार सुरू होतो. सायकल टांगा, कंदील टांगा, जुना रेडिओ टांगा. पण आपल्याला ज्या जागा खरंच लक्षात राहिल्यात, त्या आठवून बघा.

इराणी कॅफे घ्या. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर मोठे आरसे. आज हा लुक एवढा हिट आहे की लंडनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या 'दिशूम'ने त्याच्यावर रेस्टॉरंटची अख्खी साखळी उभी केली. पण मूळ इराण्याच्या डोक्यात 'लुक' वगैरे काही नव्हतं. संगमरवर एका फडक्यात पुसला जातो. आरशांमुळे छोटी जागा मोठी वाटते आणि गल्ल्यावरून सगळी टेबलं दिसतात. त्या खुर्च्यांचं मूळ डिझाइन १८५९ मधलं, थोनेट या युरोपातल्या कारखानदाराचं. सुटे भाग करून ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात बसायच्या, त्यामुळे बोटीने जगभर पाठवणं परवडायचं. म्हणजे धंद्याची गरज म्हणून आलेल्या वस्तू वर्षानुवर्षं वापरात राहिल्या आणि त्यांचीच थीम झाली.

दुसरं उदाहरण, नॅचरल्स. १९८४ साली जुहूला जेमतेम २०० चौरस फुटांत सुरू झालं. म्हणजे माझ्या भावाच्या गाळ्यापेक्षा २० फूट जास्त, बस. रघुनंदन कामत (२०२४ मध्ये ते गेले) हे मंगळुरूकडच्या फळविक्रेत्याचे चिरंजीव. सुरुवातीला गिऱ्हाईक आत यावं म्हणून सोबत पावभाजीही विकत. थीम कुठली? फळ! सीताफळ, शहाळं, चिकू. ती भिंतीवर नव्हती, कपात होती.

आणि चर्चगेटचं के. रुस्तम. १९५३ पासून दोन वेफरबिस्किटांमध्ये आईस्क्रीमची जाड वडी ठेवून देतात. बसायला जागा नाही, सजावट नाही. तुम्ही फुटपाथवर उभे राहून, बोटांवर ओघळ येऊ देत खाता, आणि पुढच्या वेळी मित्राला घेऊन येता.

माझा फंडा सिंपल आहे. गिऱ्हाईक घरी जाऊन दुकानाबद्दल जे एक वाक्य सांगतं, ती थीम. "अरे, तिथे प्लास्टिकचा आयफेल टॉवर आहे" हे वाक्य एकदा सांगून संपतं. शिवाय पुढच्या वर्षी शेजारच्या गल्लीत कुणीतरी सहा फुटी टॉवर आणतोच.

१८० चौरस फुटांचं गणित

छोट्या दुकानात थीमचा पहिला शत्रू असतो मापाची टेप. १० फूट रुंदीचा हिशेब करू. काउंटरमागे उभं राहायला अडीच फूट, डिस्प्ले फ्रीझर अडीच फूट, समोर माणसं ये-जा करायला तीन फूट. उरले दोन. त्यात भिंतीला लागून एक लांब बाक आणि त्याच्यापुढे अरुंद फळी. लांबी १८ फूट, पण मागचे चार फूट धुण्याला नि साठवणुकीला, पुढचे दोन दाराला. बाकासाठी हातात आले १२ फूट. माणशी २० इंच धरले तर सात जण.

सात! आता त्या ओळीत दोन फूट रुंदीचा टॉवर ठेवा. एक जागा गेलीच. धरून चाला, संध्याकाळी ६ ते १० दुकान भरलेलं आहे, एक गिऱ्हाईक ४० मिनिटं बसतंय आणि १२० रुपयांचं खातंय. एका जागेवर सहा गिऱ्हाइकं, म्हणजे रोजचे ७२०, महिन्याचे २१,६०० रुपये. टॉवर तुमच्याकडून दरमहा एवढं भाडं खातोय आणि वर त्याच्यावरची धूळही तुम्हीच पुसताय.

म्हणून छोट्या जागेचा नियम: थीमने जमिनीला पाय लावायचा नाही. भिंत तिची, छत तिचं, प्रकाश, वास, चमचा, मेनूकार्ड, पदार्थांची नावं, सगळं तिचं. फरशी गिऱ्हाइकाची.

आधी पत्ता वाचा

मग थीम आणायची कुठून? इथे मला ग्लासगोचं एक चहाघर आठवतं. १९०३ साली कॅथरीन क्रॅन्स्टन या बाईंनी तिथल्या सॉकीहॉल स्ट्रीटवर टी-रूम काढली आणि डिझाइनचं काम चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या आर्किटेक्टला दिलं. स्कॉट भाषेत 'सॉक' म्हणजे विलोचं झाड. रस्त्याच्याच नावात झाड होतं! मॅकिंटॉश आणि त्याची चित्रकार बायको मार्गारेट मॅक्डोनल्ड यांनी तेच झाड पकडलं. खिडक्यांच्या काचांत विलोची पानं, उंच पाठीच्या खुर्च्यांत त्याच्या सरळ फांद्या, नावही 'विलो टी रूम्स'. ही इमारत चांगली मजल्यामजल्यांची होती, गाळा नव्हे. पण कल्पना एकच, आणि ती पत्त्यातून उचललेली. २०१८ मध्ये दुरुस्त करून ती पुन्हा उघडली, लोक अजून बघायला जातात.

आता गोंदियाचा पत्ता वाचू. नावाची जी गोष्ट तिथे सांगितली जाते ती अशी: इथे दाट जंगल होतं, आणि गोंड माणसं जंगलातून गोंद आणि लाख गोळा करून इथल्या बाजारात विकायला आणत. त्यावरून गोंदिया.

गोंद म्हणजे आपला डिंक. डिंक म्हणजे डिंकाचे लाडू. अरे, डेझर्ट शॉपसाठी आणखी काय पाहिजे? आख्ख्या शहराचं नावच स्वयंपाकघरातून आल्यासारखं आहे. आणि डिंकाचा खडा कधी उजेडासमोर धरून बघितलाय? मध, केशर आणि संध्याकाळचं ऊन एकत्र गोठवलं तर जसं दिसेल तसा रंग. तोच खडा तुपात टाकला की लाहीसारखा फुलतो. रंग, पोत, आवाज, सगळं एकाच वस्तूत.

आता लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणारा एक बारीक किडा ती तयार करतो. ती गाळून पातळ पापुद्रे केले की होतो चपडा, तो स्पिरिटमध्ये विरघळवला की लाकडाचं उत्तम पॉलिश. त्या पॉलिशच्या पद्धतीचं जगभर प्रसिद्ध नाव काय माहितीये? फ्रेंच पॉलिश! म्हणजे पॅरिसहून काही आणायचंच असेल, तर ते पळसाच्या झाडावर आधीच बसलेलं आहे. हीच लाख चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवरही लावतात, पाकिटावर तिचा नंबर असतो ई ९०४. (किड्यापासून येते हे कळल्यावर काही मंडळी नाक मुरडतील, तेव्हा पदार्थाला लावणार असाल तर आधी सांगा.)

एक सावधगिरी. लाखेच्या पॉलिशवर ओला ग्लास ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. आईस्क्रीमच्या दुकानात प्रत्येक ग्लासाला घाम फुटलेला असतो. तेव्हा हे पॉलिश बाकाला आणि भिंतीच्या लाकडाला. समोरची फळी सरळ कडाप्प्याची ठेवा, पुसा आणि मोकळे व्हा.

"पण ताई, हे तं घरीच आहे न!"

मी ही सगळी बॅटिंग फोनवर केली. पलीकडून शांतता. मग एकच वाक्य: "ताई, डिंकाचे लाडू आई घरीच करते. ते पाह्याले पैसे देऊन कोण येईन? तुम्ही पुण्याचे लोक इकडे येता तं तुम्हाले बांबू पाहिजे, माती पाहिजे. इथल्या पोरायले पॅरिसच पाहिजे."

या मुद्द्याला उडवून लावता येत नाही. हॉटेलच्या भिंतीवर सूप आणि टोपली टांगलेली बघून शहरातल्या माणसाला गहिवरून येतं. ज्याच्या घरी रोज सुपात धान पाखडलं जातं, त्याला वाटतं, हे काय टांगून ठेवलंय, मोडलं का? धानाच्या शेतांनी आणि राईस मिल्सनी वेढलेल्या गावात 'गावरान थीम' हा विनोद होईल. कॉलेजातली पोरं एका संध्याकाळीपुरती गावाबाहेर पडायला म्हणून दुकानात येतात. त्यांना पुन्हा स्वतःच्या अंगणात नेऊन बसवणं हा अन्याय आहे.

पण यातून रस्ता निघतो. वस्तू ओळखीची, रूप अनोळखी. सूप भिंतीवर नको. डिंकाचे लाडू काचेच्या बरणीत ढीग घालून नकोत. त्याऐवजी फुललेल्या डिंकाचा कुरकुरीत थर दिलेलं आईस्क्रीम द्या. गोंदिया, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात होणाऱ्या सुवासिक चिन्नोर तांदळाची खीर थंड करून कुल्फीच्या साच्यात घाला. इथल्या तलावांत शिंगाडा पिकतो, उपवासापलीकडे त्याला कुणी विचारत नाही, त्याच्या हलव्याचा गरम गोळा व्हॅनिलाशेजारी ठेवून बघा. यातलं काहीही कुणाच्या आईने घरी केलेलं नाही. आणि यातलं काहीही पुण्यात मिळत नाही.

सेल्फीची भिंत पाहिजे यावर तो अडून बसला. पाहिजेच, शंभर टक्के! त्यासाठी आमचं असं ठरलं: काउंटरमागच्या भिंतीवर फक्त चार इंच खोल फळ्या, त्यांवर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या, बरण्यांत डिंकाचे खडे, आणि मागून उजेड. आख्खी भिंत मधासारखी पेटते. जमिनीचा एक इंच जात नाही, आणि फोटोत चेहरेसुद्धा मस्त येतात. टॉवरशी घेतलेला सेल्फी देशात कुठेही निघतो, हा इथेच निघेल.

गोंदियाकडे आणखीही मसाला आहे, हे मान्य. जबलपूरकडे जाणारी अडीच फुटी नॅरोगेज होती, तिचा बालाघाटपुढचा भाग २०१५ मध्ये कायमचा थांबला. भातशेतात उभा राहणारा, माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा सारस आहे, जो महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यातच तग धरून आहे. दोन्ही थीम भन्नाट आहेत. पण १८० चौरस फुटांत आगगाडी, सारस आणि डिंक एकत्र कोंबले तर ते जिल्ह्याच्या माहितीचं प्रदर्शन होईल. एक निवडा, बाकीच्यांना पुढच्या शाखेसाठी राखून ठेवा!

उन्हाचं काय?

थ्रीडी फोटोत ऊन नसतं. विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि दुकानाचं तोंड पश्चिमेला असेल तर काचेचं चकचकीत दार म्हणजे भट्टीचं झाकण. आईस्क्रीम साठवायचं उणे १८ अंशांना. स्कूप काढायला थोडं कमी थंड, उणे १२ ते १४च्या आसपास. फ्रीझर आतली उष्णता मागून बाहेर फेकतो, म्हणजे ती तुमच्याच दुकानात येते. त्याच्या मागे मोकळी जागा आणि हवा जायला वाट ठेवली नाही, तर एसी आणि फ्रीझर दिवसभर एकमेकांशी कुस्ती खेळतात आणि बिल तुम्ही भरता.

दाराबाहेर वाळ्याची ताटी लावा. पाणी शिंपडलं की सावलीही मिळते आणि वासही, रस्त्यावरच्या माणसाला तो वास ओढून आणतो. पण आत वॉटर कूलर नको. दमट हवेत कोन आणि वेफर अर्ध्या तासात मऊ पडतात. ताटी बाहेर, एसी आत.

प्रकाश हा सगळ्यात स्वस्त इंटिरिअर डेकोरेटर आहे. आपल्याकडे दुकान म्हणजे पांढऱ्याशुभ्र ट्यूब. त्या निळसर उजेडात डिंक, केशर, आंबा, सगळं आजारी दिसतं. पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचे दिवे घ्या. खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, तो ९० किंवा त्याहून जास्त असलेले शोधा. त्यांत पदार्थाचे रंग खरे दिसतात. दिव्यांवर टाकलेले पाच हजार जे काम करतात, ते वॉलपेपरचे पन्नास हजार करत नाहीत.

भिंतीला खालपासून साडेचार फूट टाईल, धुता येईल अशी. खाण्याच्या धंद्यात यावर तडजोड नको. त्याच्यावर माती, चुना आणि धानाचं तनस मिसळून केलेलं लिंपण, फार पातळ. उजेड पडला की त्यातल्या काड्या सोनेरी चमकतात. डिंकाच्या रंगाशी झकास जमतं, आणि माल मावशीच्या शेजारच्यांच्या शेतात पडलाय.

आणि एक कळकळीची सूचना. थीमने खोटं बोलू नये. भिंतीभर गाई-वासरं रंगवायची आणि डब्यावर बारीक अक्षरात 'फ्रोझन डेझर्ट', म्हणजे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल, हे आजचं गिऱ्हाईक मोबाईलवर झूम करून वाचतं. डिंक म्हणून भिंत उजळवलीत, तर मेनूत डिंक असलाच पाहिजे.

डोक्यातला कॅफे सुरू करण्याआधी

• दुकानाबद्दल गिऱ्हाईक काय सांगेल, ते एका वाक्यात लिहा. दुसरं वाक्य लागलं तर थीम जास्त झाली.
• खर्चाचा क्रम: आधी यंत्रं, मग वीज नि हवा, मग बसायची जागा, मग उजेड. उरलेल्या पैशांत सजावट.
• थ्रीडी फोटोवर सही करण्याआधी गाळ्यात खडूने फ्रीझर, बाक आणि दार आखा. चार मित्रांना आत बोलावून हातात ट्रे घेऊन फिरायला लावा.
• दुपारी दोन वाजता दुकानात अर्धा तास नुसते बसा. कुठे ऊन येतं, कुठे हवा अडते, आपोआप कळतं.
• सहा महिन्यांचं भाडं बाजूला काढा. त्याला हात लावायचा नाही, कितीही सुंदर झुंबर दिसलं तरी.

भावाचं नवं कोटेशन आलंय, एक लाख दहा हजार. वाचलेले एक लाख पासष्ट हजार मावशीच्या नावाने पुन्हा बँकेत गेलेत, आणि तेच त्याचं सहा महिन्यांचं भाडं आहे. गुलाबी फुलं गेली, टॉवर गेला. 'बाँज्यूर' मात्र त्याला अजून सोडवत नाही. मी म्हटलं, राहू दे, त्याच रंगाच्या निऑनमध्ये दुसरा शब्द लिहू. कोणता, यावर सध्या घरात रोज भांडणं चालू आहेत. मावशीचं मत आहे की बोर्डावर सरळ 'या, बसा' लिहावं.

मला तर ते पटलंय. तुम्हाला दुसरं काही सुचत असेल तर जरूर कळवा, दोन शब्दांच्या आत. जागा कमी आहे!